डाव्या चाकांची हवा

१

भाविकची लाल गाडी पहिल्याच फेरीत मोठ्या वळणावर भोवऱ्यासारखी फिरली, ट्रॅक सोडून वाळक्या गवतात घुसली आणि जुन्या टायरांच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. धुरळा हळूहळू खाली बसला. मग दार उघडलं, हेल्मेट घातलेला भाविक धडपडत बाहेर आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. धड आहे, म्हणून.

अपेक्षानं मनातल्या मनात म्हशाच्या देवाला हात जोडले.

वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या डोंगराखालच्या माळावर रंभाताईंनी हा ट्रॅक बांधला होता. महिन्यातून एका रविवारी हौशी माणसं आपल्या रोजच्याच गाड्या घेऊन इथं येत. शर्यत नव्हे, आपल्याला आणि आपल्या गाडीला काय झेपतं ते बघायला. त्या गाड्यांचे टायर तपासायचे, कुणी कोणते घालावेत ते सांगायचं आणि ट्रॅकवर जाण्याआधी हवा किती ठेवायची ते ठरवून द्यायचं, हे अपेक्षाचं काम. बाळंतपणात ते सुटलं होतं. आज ती पहिल्यांदाच परत आली होती, आणि तिनं हात लावलेल्या पहिल्याच गाडीनं ही तऱ्हा केली.

गाडी ढकलत शेडमध्ये आणली. ती नसताना जो तिचं काम बघायचा त्या रविंद्रनं सगळ्यांदेखत चारही चाकांना हवा मोजायचा गेज लावला.

"उजवीकडचे दोन्ही तीस," तो म्हणाला. "गाडी थोडी चालून आलीय, बरोबर आहे. डावीकडचा पुढचा..." त्यानं पुन्हा लावून बघितलं. "चोवीस. मागचा तेवीस."

शेडमध्ये कुजबुज झाली. हा ट्रॅक जवळजवळ सगळा उजवीकडे वळतो. वळताना गाडीचा सगळा भार डाव्या चाकांवर येतो. तीच नरम असतील तर टायर कुशीवर लोळतो आणि गाडी हातात राहत नाही.

रंभाताई पन्नाशीच्या, कमरेला ओचा खोचून ट्रॅकवर फिरणाऱ्या. आवाज न चढवता बोलायच्या, त्यामुळं जास्तच धाक वाटायचा. "किती ठेवलीवतीस?"

"चारींत अठ्ठावीस, ताई."

"मंग दोन चाकांची गेली कुठं?" त्यांनी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. "पोरीला दात येतायत म्हनालीस. झोप नाय. डावीकडं हवा भरायची राहून गेली असंल. होतं असं. पन माझ्याकडं झालेलं नाय चालत."

अपेक्षानं डाव्या चाकांकडे बघितलं. खरी गोष्ट अशी होती की उजवी चाकं झाल्यावर तिची पोर गोदू रडल्याचं तिला आठवत होतं, आणि त्यानंतर डावी चाकं केल्याचं नीटसं आठवत नव्हतं.

"जेवनाची सुट्टी संपायच्या आत मला सांग काय झालं ते," रंभाताई म्हणाल्या. "नायतर हिकडून पुढं टायर रविंद्र बघंल. आनि कोनी दुसऱ्याच्या गाडीला मुद्दाम हात लावला असंल, तर तो मानूस पुन्हा ह्या मैदानात दिसनार नाय. तो कोनी का असंना."

२

माणसं पांगली. अपेक्षा गाडीपाशी उकिडवी बसली.

आधी स्वतःचाच निकाल लावायला हवा होता. तिनं डोळे मिटले आणि सकाळ पुन्हा पहिल्यापासून उलगडली. भाविक शहापूरहून किन्हवलीमार्गे आला. रस्त्यावर तो तेहेतीस हवा ठेवतो. ट्रॅकवर टायर तापून आतली हवा फुगते, म्हणून थंड असतानाच ती कमी करून ठेवायची. तिनं तेहेतीसची अठ्ठावीस केली होती.

तिचे डोळे उघडले.

डावी चाकं करायची राहून गेली असती, तर त्यांत तेहेतीस मिळायला हवी होती. विसरण्यानं हवा जास्त राहिली असती, कमी झाली नसती. म्हणजे ती विसरली नव्हती. किती तरी दिवसांनी आपल्याच डोक्याचे आभार मानावेत असं तिला वाटलं.

मग कुणी काढली?

ज्याला तिच्यावर राग धरायला कारण होतं, तो शेडच्या कोपऱ्यात टायरांची चळत लावून बसला होता. प्रणित. मुरबाडचा टायरवाला. गेल्या आठवड्यात भाविकला त्यानं चार मऊ रबराचे ट्रॅकचे टायर स्वस्तात देऊ केले होते. भाविकनं फोटो पाठवला, तेव्हा अपेक्षानं टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले, म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते, आणि नको म्हणून सांगितलं. सहा वर्षं गोदामात पडून रबर कडक झालं होतं. शिवाय भाविक याच टायरांवर घरी जाणार. निव्वळ ट्रॅकचे टायर पाऊस आला की साबणासारखे. त्यापेक्षा चांगल्या पकडीचे, पण रस्त्यावर चालणारे घे, असं तिनं त्याला सुचवलं होतं.

"या मॅडम," प्रणित म्हणाला. "चोर शोधताय म्हनं. माझ्यापासूनच सुरुवात ना?"

"तुझ्यापासून दुसरी. पहिली माझ्यापासून केली."

तो हसला. "बरंय. ऐका मग. तुमी गाडी लावून दिल्यापासून ती सुटंपर्यंत मी रंभाताईंच्या मीटिंगमधी पुढच्या लायनीत होतो. सगळ्या ड्रायव्हरांसमोर टायर कसे निवडावेत त्याच्यावर भाषन देत होतो. लोक जांभया देत होते, त्यांना विचारा. आनि एक सांगू? लोकांनी माझे टायर नाय घेतले तरी चालंल. पन हितं एक मानूस दगावला तर ट्रॅकच बंद. मंग मी काय, बैलगाडीला टायर विकू?"

त्यात तथ्य होतं. मीटिंगमध्ये तो होताच. त्याचा आवाज तिनंही ऐकला होता.

ती वळणार तेवढ्यात प्रणित मागून म्हणाला, "मीटिंगला कोन नव्हता ते बघा की. तुमचा रविंद्र नव्हता."

३

रविंद्र पंपाची नळी गुंडाळत होता. डोळखांबकडचा, कमी बोलणारा. ती रजेवर असताना त्यानं एकही गाडी बिघडू दिली नव्हती आणि आज सकाळी तिची हातमोज्यांची जोडी धुऊन, वाळवून तिच्या हातात दिली होती. त्याला विचारायचं तिच्या जिवावर आलं.

"मीटिंगच्या वेळी कुठे होतास रे?"

"ट्रॅकवरची खडी झाडत हुतो. वळनावर." त्यानं नळी खाली ठेवली. "ताई, सरळ विचारा ना. मी काढली का, असं."

"काढलीस का?"

"नाय. काम पायजे मला, खोटं कशाला बोलू. पन तुमचं काढून नको." तो म्हणाला, "एक बोलू? राग नका धरू. तुमी विसरला नसाल. पन दोनदा केली असंल. पोरगी रडली, तुमी गेल्या, परत आल्या नि झालेली चाकं पुन्हा केली. पाच काढली, अजून पाच काढली."

असं होऊ शकत होतं. घरी दुधात दोनदा साखर पडत होती.

"गेज लावल्याशिवाय मी हवा काढत नाही," ती हळूच म्हणाली, जास्त करून स्वतःला. "दुसऱ्यांदा लावला असता तर अठ्ठावीस दिसली असती. हात तिथंच थांबला असता." आणि बोलता बोलता दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. "रविंद्र, तू जर काढली असतीस, तर किती ठेवली असतीस?"

"म्हंजे?"

"पुढे चोवीस नि मागे तेवीस ठेवली असतीस का?"

रविंद्र जरा दुखावलाच. "असं कसं ठेवीन? सारखीच ठेवीन ना. गेज हाय की कमरंला."

"तुझ्या कमरेला आहे, माझ्या आहे, प्रणितच्या आहे." ती उठली. "आपल्यापैकी कुणीही काढली असती तर दोन्ही चाकं काट्यावर सारखी असती. ही ज्यानं काढली त्याच्याकडे गेज नव्हता. आणि तरी फक्त एकाचा फरक. नुसत्या कानानं इतकं जवळ आणणारा हात शिकाऊ नाही."

दोघं पुन्हा गाडीपाशी आली. टायरवर तिनं सकाळी खडूच्या रेघा ओढल्या होत्या, टायरच्या वरच्या काठापासून खाली रिमपर्यंत. वळणात टायर जितका कुशीवर लोळतो तितका खडू पुसला जातो. त्यावरून हवा कमी झाली की जास्त ते कळतं. उजव्या चाकांवर रेघ काठाशीच पुसली होती. डाव्यांवर बरीच खालपर्यंत. म्हणजे गाडी सुटली तेव्हाच हवा कमी होती.

"टोपनं बघा," रविंद्र म्हणाला. वॉल्व्हची दोन्ही टोपणं घट्ट बसवलेली होती. "वाईट करनारा टोपन लावत बसंल का परत?"

"आणि एकाच चाकाची पुरती सोडून पळाला असता. ह्यानं दोन्ही केली. निगुतीनं केली." तिनं मान तिरकी केली. डाव्या मागच्या चाकावर, अगदी रिमच्या जवळ, जिथं रस्ता कधीच पोचत नाही, तिथंही खडू पुसला होता. आडवा. चार बोटांच्या पेरांचा ठसा. तळहाताचा नव्हे.

कुणीतरी उलट्या हातानं टायरला हात लावून बघितलं होतं.

४

शेडबाहेरच्या जांभळीला गोदूची झोळी बांधली होती. झोळीपाशी भिमाबाबा बसले होते, अपेक्षाचे सासरे. तीस वर्षं मुरबाड ते माळशेज प्रवासी भरून नेणारी वडापची जीप चालवलेली. नवरा कंपनीत रविवारच्या शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. तेव्हा, "मी धरतो गो पोरीला, तू जा कामाला," असं म्हणणारं त्यांच्या सरळगावात हे एकच माणूस निघालं होतं. शेजारच्या बायका हसल्या. म्हणाल्या, भिमाकाका आता पाळणा हलवनार. ते म्हणाले, जीप हालवली, पाळना काय जड हाय.

"बाबा, झोळी मघाशी पलीकडे होती ना?"

"ऊन आला ना तोंडावर. सकाळी उगवतीकडनं कसा भाजत हुता. म्हनून हिकडं आनली."

अपेक्षानं उगवतीकडे बघितलं, मग भाविकची गाडी रांगेत जिथं उभी होती त्या जागेकडे. बाकीच्या गाड्या शेडच्या छपराखाली. ही सगळ्यांत पुढची, छपराबाहेर. तोंड दक्षिणेला. म्हणजे मीटिंग संपेपर्यंत डावी बाजू सरळ उन्हात आणि उजवी गाडीच्याच सावलीत.

"तुम्ही इथंच होता. गाडीपाशी कुणी परकं आलेलं दिसलं का?"

"नाय गो. परका कोनी नाय आला. माझी नजर हुती की. तुझ्या हातची गाडी, म्हनून ध्यान ठेवलावता."

झोळीत गोदू कुरकुरली. बाबांनी सवयीनं हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली, ताप नाही ना बघायला. मग तिला उचलून अपेक्षाकडे दिलं. अपेक्षा पदराआड घेऊन तिला पाजायला बसली. दिवसभरातली हीच काय ती आपली हक्काची वेळ. पिता पिता पोरगी तिच्याकडे टकामका बघत होती. गालावर, कानापाशी, पांढरं काहीतरी लागलं होतं.

"पावडर कशाला लावली, बाबा? उन्हात घाम येतो."

"पावडर कुठली? तू तर डबा घरीच ठेवलास."

अपेक्षानं गालावरून बोट फिरवलं. बोटाला खरखरीत पांढरं आलं. ती स्वतः कामात हातमोजे घालते, आणि सकाळपासून पोरीला घेतलं ते हात धुऊनच.

ती पावडर नव्हती. खडू होता.

५

पोरगी पीत राहिली आणि अपेक्षा हलली नाही. एवढा वेळ कोडं सुटावं म्हणून जीव टांगणीला लागला होता. सुटलं तसं ते पुन्हा बांधून ठेवावंसं वाटलं. गप्प बसली तर काम जाणार. बोलली तर बाबांना मैदान बंद, आणि बाबा नसतील तर गोदूला धरायला कुणी नाही, म्हणजे काम जाणारच. वर चारचौघांत या माणसाची मान खाली.

पण भाविक भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला होता. पुढच्या वेळी ते हातभर नसलं तर?

"बाबा," ती म्हणाली, "डाव्या चाकांना हात लावून बघितलात ना तुम्ही?"

"बघितला की." त्यांच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. "चटका बसला. वैशाखातला ऊन, टायर तव्यासारखे झालेले. असल्या टायरनं घाट उतरायचा म्हंजे फुटनारच. आमी काय करायचो, वैशाखऱ्याला थांबायचो, चहा प्यायचो नि चारी चाकांची थोडी थोडी सोडायचो. सूं करून आवाज बारीक झाला का बास. आज दोनच तापलेली. दोनांची सोडली."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं काय त्याच्यात? तू मीटिंगला. तो पोर आत बसनार..." आणि तिथं ते थांबले. शेडकडे बघितलं. गवतातल्या चाकोऱ्यांकडे बघितलं. अपेक्षाला त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना दिसलं आणि तिनं नजर पोरीवर वळवली.

"माझ्यानं झाला," ते म्हणाले.

त्यांनी टोपी नीट केली आणि तिची वाट न बघता शेडकडे चालू लागले. गोदूला खांद्यावर टाकून अपेक्षा मागोमाग निघाली.

रंभाताई डबा उघडून बसल्या होत्या. भाविक, रविंद्र, प्रणित बाजूला. बाबा टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. तेव्हा अपेक्षाच बोलली, पहिल्यापासून. तेहेतीसचं, गेजचं, टोपणांचं, पेरांच्या ठशाचं, उन्हाचं.

"हवा कमी केल्यानं टायर वाचत नाही, जास्त वाकतो आणि जास्त तापतो," ती शेवटी म्हणाली. "पण आमच्या भागातला प्रत्येक जुना ड्रायव्हर उन्हाळ्यात हेच करतो, दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. ह्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. आणि चूक एकट्या त्यांची नाही. गाडी सकाळच्या गारव्यात लावून दिली आणि नंतर अर्धी उन्हात तापत राहिली. बाबांनी हात लावला नसता तरी डावीकडे हवा फुगलेलीच असती. सुटायच्या आधी मी पुन्हा मोजायला हवी होती. मोजली असती तर गाडी गेलीच नसती."

रंभाताईंनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"दुसऱ्याच्या गाडीला हात लावंल त्याला मैदान बंद, हे मीच बोलले सकाळी," त्या म्हणाल्या.

"व्हय," बाबा म्हणाले. "मी जातो. पोरीचं काम तेवढं राहू द्या. तिनं सगळा शोधला."

"थांबा, काका." भाविक पुढे आला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. "ताई, गाडी माझी, जीव माझा. मग हात कुणी लावायचा ते मी ठरवतो ना? माझ्या घरचे मला ट्रॅकवर जाऊ नको म्हणून रोज भांडतात, पण टायर तापलाय का ते कुणी उठून बघत नाही. ह्यांनी बघितलं. चुकीचं केलं, पण बघितलं." तो बाबांकडे वळला. "पुढच्या वेळी आधी सुनेला विचारा म्हणजे झालं."

"दुसऱ्याच्या गाडीला, असं मी बोलले," रंभाताई म्हणाल्या. "मालकाची तक्रार नसंल तर माझी काय असनार. पन एक. हिकडून पुढं गाडी सुटायच्या तोंडावर प्रत्येक चाक पुन्हा मोजायचा. अपेक्षा मोजंल. रविंद्र तिच्या जोडीला राहील. एकटीनं एवढं व्हनार नाय, ते मला आज कळला." मग प्रणितकडे न बघताच, "आनि तू जुने टायर परत घेऊन जा."

प्रणित म्हणाला, "माझा काय संबंध होता ह्याच्यात?" आणि सगळे हसले.

६

दुपारच्या फेरीआधी भाविकची गाडी आत सावलीत होती. अपेक्षानं चारही चाकं पुन्हा अठ्ठावीसवर आणली, नव्या रेघा ओढल्या, आणि सुटायच्या क्षणी रविंद्रनं पुन्हा मोजून मोठ्यानं आकडे सांगितले. लाल गाडी मोठ्या वळणाला आली तेव्हा सगळे कुंपणाशी येऊन उभे होते. ती वळली, टायर थोडा ओरडला, जितका ओरडायला हवा तितकाच, आणि गाडी सरळ झाली. परत आल्यावर डाव्या चाकांवरचा खडू काठाशीच पुसलेला होता.

बाबा मात्र जांभळीखालून उठले नव्हते. कुंपणाच्या आतल्या कशालाही हात लागू नये असे हात मांडीवर धरून बसले होते. अपेक्षा शेजारी जाऊन बसली.

आपल्याकडे सासऱ्याचे आभार मानत नाहीत. तसे शब्दच घरात नसतात. तिनं बराच वेळ शोधले.

"तुम्ही पोरीला धरली म्हणून मी आज इथं आहे, बाबा," ती म्हणाली. "हवेचं आपण शिकून घेऊ. कामाला यायची ही मोकळीक मला दुसऱ्या कुणी दिली नसती."

बाबांनी गोदूच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. मग उगाच खाकरले.

"तीस वर्सं उलटाच केला म्हनायचा."

"तीस वर्षांत जीपमधलं कुणी दगावलं नाही ना?"

"नाय. देवाची किरपा." शेडकडे बघत ते म्हणाले, "मी नाय येत गो पुढल्या खेपेला. लोक बोट दाखवतील तुला."

ते आले नाहीत तर तीही येणार नव्हती, पण हे सांगितलं असतं तर उपकाराचं ओझं झालं असतं. तिनं पाण्याची बाटली बाबांच्या पुढे केली.

संध्याकाळी गाड्या एकेक करून निघाल्या. रंभाताई कुलूप हातात घेऊन फाटकाशी उभ्या. अपेक्षा पिशवी भरत होती. बाबा गोदूला कडेवर घेऊन तिच्या पुढे चालत गेले होते. फाटकाशी पोचल्यावर ते थांबले. रंभाताईंकडे न बघता, मैदानाच्या त्या छपराबाहेरच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले,

"ती पुढची गाडी उभी राहते ना, तिथं उगवतीच्या अंगाला दोन बांबू ठोकायला लागतील. माझ्याकडं जीपवरची ताडपत्री पडलीय. पुढल्या रविवारी किती वाजता उघडता?"

"दर रविवारी न्हवं, काका, महिन्यातून एकदाच असतो," रंभाताई म्हणाल्या. "पन बांबू ठोकायला कवाबी या."

मागे अपेक्षानं पिशवीची चेन लावली आणि पुढे निघालेल्या त्या दोघांना गाठायला भराभर चालू लागली.